मुलांचा अभ्यास, घरातला एकच मोबाइल आणि आपले कुलूप

करोनाच्या काळात, २०२० साली, शाळा मोबाइलवर आली. शाळेचे वर्ग उघडले तरी ती मोबाइलमधून पुरती गेलेली नाही. गृहपाठ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो, गणिताचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात. त्यामुळे ‘मुलांना फोन देऊच नका’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. तो देणाऱ्याच्या घरी बहुधा संगणक असतो, शिकवणी असते. आपल्या वस्तीत बऱ्याच घरी एकच फोन असतो आणि तोही बापाबरोबर कामावर जातो. संध्याकाळी तो घरी आला की अभ्यास, रील्स, मावशीचा व्हिडिओ कॉल सगळे त्याच्यावरच.

कंपन्यांनी पालकांसाठी कुलपे केली आहेत, पण ती ‘एक मूल, एक यंत्र’ असे धरून. गुगलचे फॅमिली लिंक चांगले आहे. रोजची वेळ ठरवता येते, रात्री फोन बंद ठेवता येतो, नवे ॲप आपल्या परवानगीशिवाय उतरत नाही. पण त्यासाठी मुलाचे वेगळे खाते आणि शक्यतो वेगळा फोन किंवा टॅब लागतो. घरात जुना लॅपटॉप असेल तर त्यावरही मुलाचे स्वतंत्र खाते उघडून वेळेची मर्यादा घालता येते.

फोन सामायिक असेल तर आमच्या मते सर्वात कामाचे आहे ‘ॲप पिनिंग’. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात ते सापडते. ते चालू करताना ‘बाहेर पडताना पिन विचारा’ हेही चालू करावे. मग अभ्यासाचे ॲप उघडून पिन केले की मूल तेवढ्याच ॲपमध्ये राहते. बाहेर पडायला पिन लागतो. प्ले स्टोअरलाही वयानुसार पिन लावावा. डिजिटल वेलबीइंगमधला टायमर आठवण म्हणून ठीक, पण हुशार मूल तो सहज काढते. आणि हो, पिन म्हणून मुलाची जन्मतारीख ठेवू नका. घरात पहिल्यांदा तीच टाकून पाहिली जाते! सेटिंग्ज जमत नसतील तर विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना विचारावे, त्यात लाज कसली?

आता आरोग्याचे. शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन वर्गाची ३० ते ४५ मिनिटांची फक्त दोन सत्रे सांगितली होती. म्हणजे शाळेचे काम दीड तासात संपते. उरलेले तीन तास कशाचे, हे आपण विचारायला हवे. डोळ्यांसाठी डॉक्टर सांगतात, दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांब पाहावे. आपली खोली दहा बाय दहाची, २० फूट आणायचे कुठून? मुलाला दारात उभे करा, गल्लीच्या टोकाला पाहू द्या. दिवसाउजेडी बाहेर खेळण्याने चष्म्याचा नंबर लागण्याचा धोका कमी होतो, म्हणून मैदानावरून ओढून आणून फोनसमोर बसवणे तर मुळीच नको. रात्री चार्जर उशीपासून लांबच्या बोर्डाला लावावा. एकाच खोलीत झोपणाऱ्या घरात हा नियम मोठ्यांनाही लागू करावा लागतो. बापाच्या अंगावर अकरा वाजता रील्सचा उजेड आणि मुलाला झोपेवर भाषण, हे चालत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला बोचते. कुलूप मुलीलाच आधी लागते. मुलगा गेम खेळला तर ‘वेडा आहे’, मुलीचा एक मेसेज दिसला की फोन काढून घेतला जातो, आणि त्याच फोनबरोबर तिचा अभ्यासही बंद होतो. नियम घरातल्या सगळ्या मुलांना सारखा हवा, आणि तो त्यांना सांगून लावलेला हवा. चोरून मेसेज वाचणारा पालक मुलाला पुढच्या वेळी मेसेज पुसायला शिकवतो. मग कुणी फोटोवरून धमकावले तरी ते घरी सांगत नाही.

असे काही घडलेच तर मुलीला आधी रागावू नका. धमकीचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, सायबर गुन्ह्यासाठी १९३०. दोन्ही नंबर घरातल्या फोनमध्ये आजच सेव्ह करा आणि मुलांना ते कुठे आहेत ते दाखवा.