बदली झालेल्या फौजीची स्विफ्ट

२०१८ची स्विफ्ट, पांढरी, पहिला मालक, ४१ हजार किलोमीटर. किंमत १ लाख ९० हजार. ठिकाण लोहगाव. विकण्याचं कारण : लेहला बदली.

अशी जाहिरात समोर आली की चऱ्होलीतल्या माणसाच्या हातून मोबाइल खाली ठेवला जात नाही. मोशी-भोसरीच्या डीलरकडे हीच गाडी याच्या दुपटीत तरी मिळेल का, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. आमच्याकडे गाड्यांतलं कळत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. त्याच्या आधीपासून पिंपरीच्या कारखान्यांत इथली माणसं जात होती, पुढे चाकण वाढलं आणि सकाळच्या पाळीच्या कंपनीच्या बसेस दाराशी यायला लागल्या. कोणी दिवसभर दरवाजाची फट मोजतो, कोणी दिव्याखाली रंगावरचा ओरखडा शोधतो. दुसऱ्याच्या गाडीत अर्ध्या मिलिमीटरची चूक धरणारी ही मंडळी स्वतःसाठी जुनी गाडी घ्यायला निघतात, तेव्हा चार फोटोंवर भागवतात. याचं मला कायम नवल वाटत आलंय.

माझ्या आतेभावाचा मुलगा त्यांतलाच. चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, लग्न ठरलंय, आणि नवी गाडी घेतली तर हप्ता फ्लॅटच्या हप्त्याच्या उरावर बसणार. वरची जाहिरात त्याने पाहिली आणि फोन लावला. पलीकडून पहिला शब्द आला, "जय हिंद सर!"

हा "जय हिंद" आमच्या भागात काय काम करतो ते बाहेरच्याला सांगायला हवं. चऱ्होलीच्या एका अंगाला दिघी, तिथे लष्कराचा मोठा परिसर. दुसऱ्या अंगाला लोहगावचा हवाई दलाचा तळ. पलीकडे दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र. निवृत्त झाल्यावर इथेच घर बांधून राहिलेले फौजी गल्लोगल्ली आहेत. बदलीचा हुकूम आला म्हणून पंधरा दिवसांत फ्रिज, सोफा, स्कूटर मिळेल त्या भावात काढून टाकणारी खरी कुटुंबं आम्ही पाहिलेली आहेत, त्यांच्याकडून वस्तू घेतल्याही आहेत, आणि त्या वर्षानुवर्षं बिनतक्रार चालल्या आहेत. म्हणजे त्या जाहिरातीतला प्रत्येक शब्द आमच्या ओळखीचा होता. दुसऱ्या एखाद्या गावात ही थाप निदान थोडी उपरी वाटली असती.

पोराने काही आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत. त्याने आरसीचा फोटो मागितला, तो आला. सोबत न मागता ओळखपत्र आलं, कॅन्टीनचं कार्ड आलं, गणवेशातला फोटो आला. गाडीचा नंबर एमएच-१४, म्हणजे पिंपरी-चिंचवडचाच. त्याने तो सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला. मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, सगळं जुळलं. मालकाचं नाव तिथे फुल्यांमागे झाकलेलं असतं, पण दिसणारी अक्षरंही बसत होती. मला फोन करून म्हणाला, "काका, गाडी जेन्युइन आहे."

गाडी जेन्युइन होतीच. ती खरोखर कुठेतरी, कुणातरी भल्या माणसाच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि त्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हे भामटे आधी गिऱ्हाईक बनून खऱ्या विक्रेत्याला गाठतात, "आरसी भेजो सर, लोन के लिए लगेगा" म्हणतात आणि मिळालेले फोटो व कागद घेऊन स्वतः विक्रेते होतात. ओळखपत्रावर तेच नाव छापायला मोबाइलवर पाच मिनिटं लागतात. तेव्हा आरसी तपासा, नंबर तपासा हा जो सल्ला सगळीकडे दिला जातो, तो इथे उलटा अंगावर येतो. सरकारी नोंद गाडीबद्दल बोलते. समोर बोलणारा माणूस कोण, यावर ती गप्प असते. आणि कागद जुळले की आपण माणसाची चौकशी सोडून देतो.

"गाडी बघायला येतो" म्हटल्यावर उत्तर तयार होतं. "सर, गाड़ी एअरपोर्ट पे आर्मी कार्गो में लगी है, सिविलियन अलाउड नहीं. हमारा जवान आपके घर लेके आएगा. पसंद आए तभी पेमेंट करना." या शेवटच्या वाक्याने पोरगा विरघळला. आवडली तर पैसे द्या, असं म्हणणारा माणूस फसवेल कशाला?

मग गेट पासचे २१५० रुपये. परत मिळणारे. ते भरल्यावर लष्करी ट्रकशेजारी उभ्या पांढऱ्या गाडीचा फोटो आणि शिक्का मारलेली पावती. मग डिलिव्हरीचे ५५००, तेही परत मिळणारे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर तिसऱ्याच कुणाचं नाव आलं, तर "वो हमारे अकाउंटंट साब हैं." मग जवान गाडी घेऊन निघाला, विश्रांतवाडीपर्यंत आला, आणि अडकला. जीपीएसचं शुल्क राहिलं होतं, ११ हजार २००. ते भरल्याशिवाय आधीचे दोन्ही परत मिळणार नाहीत. इथे पोराला घाम फुटला. आधीचे साडेसात हजार सुटावेत म्हणून पुढचे ११ हजार भरायचे, हे गणित माणूस फोनवर असताना बरोबर वाटतं. फोन ठेवून पाणी प्यायलं की वाटत नाही. रक्कमही मुद्दाम तशी असते. गोल आकडा मागितला तर लाच वाटेल. २१५० म्हटलं की कुठेतरी दरपत्रक असेल असं वाटतं.

त्याला घेऊन मी दिघीला आमच्या सुभेदारकाकांकडे गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला, ओळखपत्र मोठं करून पाहिलं आणि फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं.

"हां भाई, कौन सी यूनिट?"

"सर, इंडियन आर्मी."

"वो तो समझ गए. एपीओ कौन सा है तुम्हारा?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "सर, कोई भी ऐप चलेगा, फोनपे, गूगलपे…"

काका इतके हसले की काकू आतून बाहेर आल्या. फौजीचं टपाल ज्या नंबरावर येतं तो एपीओ, छप्पन किंवा नव्व्याण्णव, हे त्याच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. फोन तोवर कट झाला होता. काका मग गंभीर झाले. नोकरीतला जवान आपलं ओळखपत्र असं अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही, त्याला तशी मुभाच नसते, म्हणाले. म्हणजे जे पाहून पोराचा विश्वास बसला, नेमकं त्यानेच काकांना संशय आला.

या धंद्याचं मोठं केंद्र म्हणून पोलीस गेली काही वर्षं मेवातकडे बोट दाखवतात : हरियाणातला नूंह, राजस्थानातले अलवर-भरतपूरकडचे भाग. एप्रिल २०२३मध्ये हरियाणा पोलिसांनी नूंहमधल्या १४ गावांवर एकाच रात्री छापा घातला, पाच हजारांच्या आसपास पोलीस घेऊन. पकडलेल्यांच्या तपासातून देशभरातली सुमारे २८ हजार प्रकरणं आणि १०० कोटींच्या घरातली रक्कम पुढे आली, असं पोलिसांनी सांगितलं. याच पट्ट्यात मोबाइल येण्याआधी 'टटलू' चालायचा. खोदकामात सोन्याची वीट सापडली आहे, गुपचूप स्वस्तात देतो, असं लांबच्या माणसाला सांगून बोलवायचं आणि पितळ गळ्यात मारायचं. तेव्हा गिऱ्हाइकाला निदान तिथवर जावं लागे. आता वीट गेली, गाडी आली, आणि प्रवासही वाचला.

लोक अशा वेळी "हावरटपणा नडला" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. भाव कमी होता, पण त्याला बदलीचं कारण जोडलेलं होतं, आणि आमचा पोरगा त्या कारणाला फसला. म्हणून मी जाहिरातीतल्या किमतीपेक्षा या कारणांकडेच बघतो. फौजी असो, परदेशी निघालेला डॉक्टर असो की नवऱ्यामागे गाडी विकायला काढलेली बाई असो, गोष्ट कितीही वेगळी असली तरी गाडी, मालक आणि तुम्ही एका जागी का येऊ शकत नाही याचं एक चोख उत्तर तीत असतंच.

हीच मंडळी उलट बाजूनेही येतात. तुम्ही गाडी विकायला काढली की "फौजी" गिऱ्हाईक भाव न पाडता तयार होतं आणि पैसे पाठवतो म्हणून क्यूआर पाठवतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं ध्यानात राहिलं तरी पुरे.

म्हणजे लांबून गाडी घेऊच नये का? तसं नाही. आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्याने दिल्लीहून डिझेल गाडी आणली आणि ती झकास चालली आहे. तिच्या स्वस्ताईलाही कारण होतं, पण ते तपासता येणारं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी केली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्यानंतर वय त्या रेषेकडे सरकू लागलं की तिथे गाडीचा भाव कोसळायचा. आपल्याकडे तिला आयुष्य असायचं. मात्र तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय व्यवहार करू नये. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर नव्याने भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, चपला झिजवायची तयारी असेल तर. हे सगळं मिळवलं की "दीड लाख वाचले" मधले बरेचसे उडतात.

दिल्लीची म्हटलं की पाण्याचंही बघायचं. जुलै २०२३मध्ये यमुना २०८ मीटरच्या वर गेली, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. आपल्याकडे २०१९ला कोल्हापूर-सांगली, २०२१ला चिपळूण. बुडालेल्या गाड्या विमा कंपनी टोटल लॉस करते, त्या लिलावात जातात, धुऊन-पुसून लांबच्या गावी विकल्या जातात. आमच्या शेजाऱ्याच्या मेकॅनिकने बॉनेट उघडण्याआधी सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पुढचा हातभर पट्टा सगळे धुतात. गुंडाळीच्या तळाशी गाळाची पिवळट रेघ तशीच राहते. मग सीटखालच्या रुळांवरचा गंज, मॅटखालचा फोम दाबून त्याचा वास, स्टेपनीच्या खळग्यात साठलेली रेती. चेसिस नंबर फक्त वाचून भागत नाही, त्यावरून बोट फिरवावं लागतं, कारण टोटल लॉस गाडीचे कागद आणि नंबर चोरीच्या गाडीला चिकटवायचा धंदाही जुना आहे. मीटर मागे केलाय का ते सर्व्हिसच्या नोंदींवरून कळतं. स्टेअरिंग आणि क्लच पेडलचं रबर किती झिजलंय तेही सांगतंच.

स्वतः जायला जमत नसेल तर माणूस पाठवावा. गुडगाव-मानेसरला मारुतीचे कारखाने आहेत आणि चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्यांच्या शाखा तिथे आहेत. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला तिकडे ओळखीचं कुणीच नाही असं सहसा होत नाही. माझ्या शेजाऱ्यासाठी असाच एक जण रविवारची सुट्टी मोडून गेला, थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहिलं, मालकाच्या घरी चहा प्यायला, दारावरची पाटी आणि आरसीवरचं नाव जुळवलं. टोकनसुद्धा त्याच नावाच्या बँक खात्यावर गेलं. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ पाहिल्यावरच उरलेली रक्कम गेली.

विकणाऱ्यालाही यात सुटका नाही. परराज्यात गाडी दिली तर ४५ दिवसांत, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. नाव बदललं नाही तर अपघाताची भरपाई कागदोपत्री मालकाच्या गळ्यात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. मधल्यामध्ये चार हात बदलले असले तरीही. मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून चावी देणारे मात्र अजून भेटतातच.

आमच्या पोराने काकांच्या ओसरीवरूनच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लावला. त्या नंबरावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची आशा असते. बँकेच्या मेसेजमधले व्यवहार क्रमांक काकूंनी एकेक करून वाचून दाखवले, त्याने ते सांगितले. रात्री राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले. पुढच्या आठवड्यात त्याला एक फोन आला. पलीकडचा सायबर सेलमधून बोलत होता. तुमचे साडेसात हजार सापडलेत, फाइल चार्ज म्हणून १४९९ भरा, रिफंडेबल आहेत. पोराने गुमान नंबर लिहून घेतला आणि तोही त्याच तक्रारीत घातला.