जुनंच बरं होतं!

दिवाळीत परभणीला मामांकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, बडीशेप फिरली आणि नेहमीप्रमाणे गप्पांची गाडी गाण्यांवर आली. मामेबहीण नुकतीच इंजिनिअरिंगला लागली आहे. तिने मोबाईलवर इंडियन ओशनचं एक गाणं लावलं, २०२३ साली आलेल्या ‘तू है’ या अल्बममधलं. मी लगेच तोंड उघडलं, “ह्यात काही मजा नाही गं. खरा इंडियन ओशन ऐकायचा तर ‘कंदिसा’ ऐक.”

ती शांतपणे म्हणाली, “दादा, ‘कंदिसा’ आला तेव्हा तू किती वर्षांचा होतास?”

तीन. (अल्बम २००० सालचा आहे. मी तो ऐकला हॉस्टेलवर, रूममेटच्या लॅपटॉपवर, पंधरा-सोळा वर्षं उशिरा.)

मामा खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. ते हसायला लागले आणि बराच वेळ थांबेचनात. “आता कळलं का? २०१२ आठवतंय ना?” म्हणाले.

आठवतंय की. म्हणून तर हे लिहायला बसलोय.

मामा १९८० च्या दशकाच्या शेवटी मुंबईला शिकायला होते. तेव्हा परभणीची लाईन मीटरगेज होती, मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागे. हॉस्टेलच्या मुलांबरोबर ते पहिल्यांदा रंगभवनला गेले, धोबीतलावाजवळ, सेंट झेविअर्सच्या बाजूला. तिथे त्यांनी रॉक मशीन ऐकला. मुंबईचा बँड, १९८४ साली सुरू झालेला. आपल्याकडचे बहुतेक बँड तेव्हा परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवून टाळ्या घ्यायचे. रॉक मशीनने स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ साली त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. उदय बेनेगलचा आवाज, महेश टिनईकरची गिटार. मामा म्हणतात, आडनावं ऐकूनच छाती फुगली होती, की अरे, ही तर आपलीच माणसं!

१९९० साली त्यांचा दुसरा अल्बम आला, ‘द सेकंड कमिंग’. त्याची कॅसेट मामांनी जेवणाचे पैसे वाचवून घेतली. त्यानंतर लवकरच आजोबा गेले आणि मामा परत आले. दुकान होतं, शेती होती, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. मुंबईची ट्रंक आली, तिच्यात कपडे, पुस्तकं आणि ती कॅसेट. पुढे १९९३ मध्ये बँडने नाव बदललं, इंडस क्रीड झाला. ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ एमटीव्हीवर लागायचा आणि मामा केबलवाल्याच्या घरी जाऊन तो बघायचे. १९९५ ला त्या नव्या नावाचाच अल्बम आला, त्यात भारतीय वाद्यांचे सूर मिसळलेले. मामांना तोही आवडला. १९९७ ला बँड बंद पडला. विषय संपला.

आणि मग २०१० मध्ये हे लोक पुन्हा एकत्र आले. २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ आला. मामांनी मुंबईच्या मित्राकडून सीडी मागवली. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, मामांच्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला जायचो. रविवारी दुकान बंद असताना आम्ही दोघांनी शटर अर्धं ओढून तो अल्बम ऐकला. खताच्या पोत्यांचा वास आणि समोर दोन छोटे स्पीकर. (ऑडिओफाईल लोकांनी इथे डोळे मिटावेत.)

मी येडा झालो. असं काही मी त्याआधी ऐकलंच नव्हतं. गंभीर, जड, वळणं घेत जाणारी गाणी. ड्रम्सवर जय रो कवी आणि बासवर रुषाद मिस्त्री ही नवी पिढी. मिक्सिंग टिम पामर नावाच्या माणसाचं, म्हणजे ज्याने पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स केला होता तो. हे सगळं अर्थात मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की हे पुन्हा ऐकायचंय.

मामांनी सीडी काढली, कव्हरमध्ये ठेवली आणि म्हणाले, “चांगलंय. पण हे ते नाही.”

मी भांडलो. पंधरा वर्षांचा मुलगा भांडेल तसाच भांडलो. “मामा, तुम्हाला नवीन काही आवडतच नाही.” आमच्यात दोन-तीन आठवडे अबोला होता म्हटलं तरी चालेल. ती सीडी त्यांनी मला देऊन टाकली आणि स्वतः पुन्हा कधीच ऐकली नाही.

आता मुद्द्यावर येतो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. नवीन व्हर्जन रिलीज केलं की पहिल्या तासात येणारा पहिला ईमेल ठरलेला असतो: जुनं बरं होतं. सुरुवातीला राग यायचा. आता येत नाही, कारण त्या माणसाची बाजू खरी असते. त्याच्या बोटांना बटणाची जागा पाठ झालेली असते आणि आम्ही ते बटण हलवलेलं असतं. मुख्य म्हणजे जुनं व्हर्जन आम्ही काढून घेतलेलं असतं. त्याला परत जायला रस्ताच नसतो.

पण बँड असं काही करत नाही हो! ‘इव्हॉल्व्ह’ आला म्हणून मामांच्या ट्रंकेतली कॅसेट कोणी काढून नेली नाही. ‘तू है’ आला म्हणून ‘कंदिसा’ कुठे गेला नाही. मग तक्रार नक्की कशाची?

मला वाटतं तक्रार अशी असते: तुम्ही परत आलात, मग येताना माझे ते दिवसही घेऊन यायचे होते.

याला पुरावा मामांकडेच आहे. रॉक मशीनचा इंडस क्रीड झाला तेव्हा बँड नावासकट बदलला होता. साधा बदल नव्हता तो. तरी मामांनी तो आनंदाने स्वीकारला, कारण ते तेव्हा पंचविशीत होते आणि स्वतःही बदलत होते. २०१२ साली ते चव्वेचाळीसचे होते. दुकान, हप्ते, गुडघेदुखी. त्या रविवारी त्यांना नवं संगीत नको होतं, त्यांना रंगभवनची एक संध्याकाळ हवी होती. ती कुठलाच बँड देऊ शकत नाही, अगदी तीच माणसं तीच गाणी वाजवायला लागली तरी. आणि बँडमधली जुनी माणसंही मामांसारखीच विशीतून केव्हाच बाहेर पडली होती की. त्यांनी विशीतल्या पोरासारखं गायचं आणि मामांनी मात्र म्हातारं व्हायचं, हा कुठला न्याय?

दुसरी गोष्ट मला परभणीनेच शिकवली. आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर गोदावरीकाठी गंगाखेड आहे, जनाबाईचं गाव. जनाबाईचे अभंग सातशे वर्षं लोक गातायत. जात्यावर, कीर्तनात, दिंडीत, रेडिओवर. त्यांची मूळ चाल कोणती? कोणालाच माहीत नाही. माझी आजी एकच अभंग सकाळी एका चालीत गायची आणि एकादशीला दुसऱ्या, आणि कोणीही तिला म्हटलं नाही की आजी, तुमचा आधीचाच बरा होता. आता मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड गिटार आणि ड्रम्स घेऊन अभंग गातो, तर आमच्याच ओळखीतले लोक म्हणतात, मूळ चालीची वाट लावली. त्यांना ‘मूळ’ म्हणजे काय हवं असतं विचारलं, तर उत्तर येतं पंडित भीमसेन जोशींची किंवा लताबाईंची रेकॉर्ड. म्हणजे शतकानुशतकांच्या गाण्याची आपली मूळ चाल पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. जी आपण घरात पहिल्यांदा ऐकली, ती!

रेकॉर्डिंगने हे केलं. गाणं पूर्वी वाहतं होतं, गाणाऱ्यागणिक बदलायचं. कॅसेटने ते एका जागी थांबवलं आणि ऐकणाऱ्याला त्याचा राखणदार करून टाकलं. रॉकवाल्यांच्या वाट्याला हे जास्तच आलं, कारण त्यांचं गाणं जन्मतःच रेकॉर्ड होऊन येतं. चौथा टेक चांगला झाला म्हणून तो ठेवला, एवढ्यावर पुढची तीस वर्षं तो ‘खरा’ ठरतो.

आता कोणी म्हणेल, मग काय, बँडने काहीही काढलं तरी गोड मानून घ्यायचं? मुळीच नाही. मोठे बँडही कंटाळवाणे अल्बम काढतात, थकतात, स्वतःचीच नक्कल करतात. ते सांगायलाच हवं. आणि मामांसारख्या माणसाला बोलायचा हक्क तर नक्कीच आहे. आज आपण महिन्याच्या एका हप्त्यात जगातली सगळी गाणी ऐकतो. मामांनी जेवण मारून एक कॅसेट घेतली होती आणि वर्षानुवर्षं तीच ऐकली होती. एवढं ज्याने दिलं त्याला थोडं रुसायची मुभा असावी.

फक्त रुसणं आणि परीक्षण यात गल्लत नको. त्यासाठी मी स्वतःपुरती एक टेस्ट लिहिली आहे. अगदी सोपी आहे: जुन्या अल्बमचं नाव न घेता नव्यावर टीका करून दाखवायची. जमली तर ती टीका. नाही जमली तर तो आपला वाढदिवस.

परभणीहून परतताना तपोवन एक्सप्रेसमध्ये ही टेस्ट चालवली. ‘तू है’ पुन्हा लावला आणि फोनवर माझ्या तक्रारी लिहून काढल्या. पाच निघाल्या. पहिली: असीमचा आवाज नाही. (असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले. त्यांचा आवाज २०२३ च्या अल्बममध्ये कुठून येणार?) दुसरी: सुस्मितच्या गिटारचा तो सूर नाही. (सुस्मित सेन २०१३ मध्ये बँड सोडून गेले. निखिल रावने स्वतःची गिटार वाजवायची की त्यांची?) तिसरी: ‘कंदिसा’सारखा अंगावर काटा येत नाही. चौथी: ‘तांडानू’मध्ये सुद्धा यापेक्षा बरं होतं. (तो २०१४ चा. तो आला तेव्हाही जुन्या लोकांनी हेच म्हटलं असणार!) पाचवी: एक-दोन गाणी उगाच लांबली आहेत.

पाचातली एक पास. चार फेल. असा रिपोर्ट मी ऑफिसात दिला असता तर मॅनेजरने माझीच तपासणी केली असती.

जालना येईपर्यंत अल्बम पूर्ण ऐकला. औरंगाबादनंतर (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरनंतर) पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी दोन गाणी डोक्यात अडकली, अजून निघाली नाहीत. ‘कंदिसा’ मला अजूनही मोठा वाटतो. पण आता मी बहिणीला “ह्यात मजा नाही” असं सांगणार नाही. फार तर सांगेन की ‘कंदिसा’ ऐकला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, हॉस्टेलच्या गच्चीवर होतो आणि दुसऱ्या दिवशी एम-थ्रीचा पेपर होता.

मनमाडला गाडी थांबली तेव्हा मामांना फोन केला. विचारलं, “मामा, ‘इव्हॉल्व्ह’ची सीडी माझ्याकडेच आहे. पुढच्या वेळी घेऊन येऊ का?”

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आण. पण शटर पूर्ण ओढून ऐकू. गिऱ्हाईक येतं रे मधेच.”