इंग्रजीच्या परीक्षेआधीची परीक्षा

बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे प्रत्येक जयंतीला सांगितले जाते. पण आज आपल्या वस्तीतल्या मुलीला तिकडे शिकायला जायचे असेल तर तिने सुरुवात कुठून करायची, हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. सुरुवात इंग्रजीच्या परीक्षेच्या ऑनलाइन नोंदणीपासून होते. आणि आमचा अनुभव असा की आपली अनेक मुले इंग्रजीत कमी पडण्याआधी या नोंदणीतच गळतात.

योगायोग पाहा. त्याच 1913 साली केंब्रिज विद्यापीठाने परभाषकांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली. तिला अवघे तीन जण बसले होते. पुढे 1964 मध्ये टोफेल आली, 1989 मध्ये आयईएलटीएस आली. आज हा जगभरचा मोठा व्यवसाय आहे आणि त्याचे दार संगणकाच्या पडद्यावर उघडते.

हे दार कुणाला गृहीत धरून बनवले आहे? आयईएलटीएसला भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. आधार कार्ड चालत नाही. ज्या घरात आजवर कुणी पासपोर्ट काढलेला नाही, तिथे 1500 रुपये फी, पोलीस पडताळणी आणि तालुक्याच्या फेऱ्या आधी कराव्या लागतात. मग नावाचा घोळ. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, उरलेले नाव वेगळे. फॉर्ममधले नाव पासपोर्टशी जुळले नाही तर परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारातून परत यावे लागते.

त्यानंतर पैसे. आयईएलटीएसची फी 17-18 हजारांच्या घरात आहे. शेतमजुराच्या घरात ही काही महिन्यांची कमाई झाली. काही परीक्षांची फी डॉलरमध्ये भरावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आधी बंदच असतात, ते ग्राहकाने सुरू करून घ्यायचे असतात. हे ठाऊक नसलेला मुलगा सायबर कॅफेत बसून पुन्हा पुन्हा कार्ड नंबर टाकतो, ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर गावाकडे जातो, आणि तोवर पान बंद पडते. कधी पैसे कापले जातात आणि जागा मिळतच नाही. तक्रार करायची तर तीही इंग्रजीत! परीक्षा ज्या भाषेची, ती भाषा आधीच येत असल्याशिवाय परीक्षेला बसण्याची सोय नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, "नियम सगळ्यांना सारखेच आहेत." हो, सारखेच आहेत. पण पुण्यातल्या डॉक्टरच्या मुलाला कार्ड, पासपोर्ट आणि विचारायला मामा घरातच असतो. गडचिरोलीच्या मुलीला केंद्रासाठी नागपूर गाठावे लागते, आदल्या रात्री मुक्कामाचा खर्च वेगळा. दार एकच असले तरी त्याच्यापर्यंतचे अंतर सारखे नाही. समाजशास्त्रात याला संरचनात्मक विषमता म्हणतात. वस्तीत त्याला नशीब म्हणतात, आणि आमचे भांडण या 'नशीब' शब्दाशी आहे.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना दरवर्षी 75 जागा आहेत. पण शिष्यवृत्तीचे पैसे निवडीनंतर मिळतात. निवडीसाठी विद्यापीठाचा प्रवेश हवा, प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजीचा निकाल हवा, आणि निकालासाठी आधी खिशातून फी. म्हणजे ज्याच्यासाठी योजना आहे, तोच पहिल्या पायरीवर अडतो.

म्हणून समाजकल्याण विभागाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. परीक्षेची फी पात्र विद्यार्थ्याला आगाऊ द्या. पासपोर्ट आणि नोंदणीसाठी प्रत्येक शासकीय वसतिगृहात जाणकार माणूस बसवा. हा उपकार नाही, ज्या हेतूने योजना काढली तो पूर्ण करण्याची ही अट आहे.

पण शासनाची वाट पाहत हात बांधून बसायचे का? जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर जेवढा खर्च होतो, त्यात किती मुलांची फी निघेल, याचा हिशोब मंडळांनी स्वतःच करावा. विहारात एक लॅपटॉप, चालू इंटरनेट आणि आठवड्यातून एक संध्याकाळ देणारा एक शिकलेला तरुण एवढे पुरेसे आहे. पदवीच्या पहिल्या वर्षालाच पासपोर्ट काढा. फॉर्म भरताना नाव पासपोर्टवर आहे तसेच टाका. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले असेल तर कॉलेजकडून तसे पत्र घ्या, काही विद्यापीठे त्यावर परीक्षा माफ करतात. निकाल दोनच वर्षे चालतो, तेव्हा तारीख प्रवेशाचे वेळापत्रक पाहून निवडा.

लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब 1920 साली पुन्हा निघाले, तेव्हा शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज पाठीशी होते. त्यांच्या बुद्धीलाही कुणाचा तरी हात लागला. आज तो हात आपण व्हायचे आहे.

जय भीम!