पाटोद्याची गिरणी



एखाद्या गावाचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर त्याच्या वेशीवरील कमान पाहू नये. पाणवठा आणि पिठाची गिरणी पाहावी. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या अगदी जवळ असलेले पाटोदा हे लहानसे गाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मराठवाड्यातील कोणत्याही गावाप्रमाणे तेही पावसाकडे डोळे लावून बसणारेच. परंतु भास्करराव पेरे पाटील यांच्या सरपंचपदाच्या काळात ते नावारूपास आले आणि राज्यभरातून लोक ते पाहण्यास येऊ लागले.

त्या काळात तेथे एक साधा नियम रूढ झाला. ज्या कुटुंबाने ग्रामपंचायतीचा कर पूर्ण भरला, त्याचे दळण वर्षभर विनामूल्य. कराची पावती अशी थेट चुलीपर्यंत पोहोचली. पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी, स्नानासाठी सूर्याच्या उष्णतेवर तापवलेले पाणी, रस्त्याच्या कडेला हात धुण्याची सोय आणि गावभर लावलेली झाडे, या गोष्टींनी गावाचे रूप पालटले. यातील एकही गोष्ट दानात मिळालेली नव्हती. प्रत्येकाने आपला वाटा आधी उचलला आणि तोच सोयीच्या रूपाने त्याच्या दारी परतला.

हे ऐकताना आपल्या घरातील पाण्याचा हंडा आणि त्यावरील गाळणे आठवते. आपल्या आजीने पाणी गाळले, एवढ्यावरच ती थांबली नाही. गाळण्यात राहिलेली जिवाणी तिने ज्या विहिरीचे पाणी होते, त्याच विहिरीत जपून परत सोडली. जेथून घेतले, तेथे परत देणे हा त्या आचाराचा गाभा होता. जीवांनी परस्परांवर उपकार करावेत, असे उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात सांगितले. पाटोद्याने कोणत्याही ग्रंथाचे नाव न घेता त्याचा एक व्यावहारिक पाठ गिरवला.

मात्र या कथेचा पुढील भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत पेरे पाटील यांच्या कन्या पराभूत झाल्या आणि सत्ता दुसऱ्या गटाकडे गेली. अनेकांनी गावाला कृतघ्न म्हटले. मला तसे वाटत नाही. गाव हे कोणा एकाचे नसते. मत देण्याचा अधिकारही त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. खरा प्रश्न निराळा आहे: चांगली सवय तिच्या निर्मात्यावाचून टिकते का? टिकली, तर तो संस्कार. न टिकली, तर तो केवळ एका माणसाचा धाक होता.

हाच प्रश्न आपल्या मंदिरांना, पाठशाळांना आणि वसतिगृहांना विचारून पाहावा. किती संस्था एकाच निष्ठावान कार्यकर्त्याच्या खांद्यावर उभ्या आहेत! तो थकला की स्वाध्याय थांबतो, हिशेबाच्या वह्या मिटतात. आपण वर्षातून एकदा त्याच्या गळ्यात हार घालतो आणि निश्चिंत होतो.

हार जरूर घालावा. पण त्याच दिवशी त्याच्या कामातील एक लहानसे काम आपल्या अंगावर घ्यावे. गिरणी कोणी सुरू केली, हे इतिहास लक्षात ठेवील. ती फिरती ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.