डावी बाजू

जेवायला येणाऱ्या माणसाला ‘काय आवडतं?’ असं विचारायचे दिवस गेले. हल्ली ‘काय चालत नाही?’ हे आधी विचारावं लागतं. एकाला साखर चालत नाही, दुसऱ्याला गहू. तिसरीचा चातुर्मास म्हणून कांदा-लसूण बंद. चौथ्याला डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलाय. त्यात गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी आणखी एक भर पडली. माझी भाची व्हीगन झाली. म्हणजे दूध, दही, ताक, लोणी, तूप, मध सगळं बंद.

‘अगं बाई, मग ती खाणार काय?’ हा प्रश्न आमच्या नात्यात निदान वीस जणांनी विचारला असेल. (त्यातल्या निम्म्या मंडळी हे वाचतायत, याची मला कल्पना आहे. रागावू नका!) कुणी बदामाचं दूध सुचवलं, कुणी सोयाचं पनीर, कुणी पाकिटातलं नकली चीज. मला यातलं काहीच पटत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या ताटात आधीपासूनच वाढलेलं असतं, फक्त ते डाव्या बाजूला असल्यामुळे आपलं तिकडे लक्ष जात नाही.

आपलं ताट वाढायची रीत आठवून बघा. वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात. उजवी बाजू पोटासाठी आणि डावी चवीपुरती, असं आपण धरून चालतो. मग घाई असली की पहिली सुट्टी डाव्या बाजूला मिळते. काकडीच्या चार चकत्या कापल्या की झालं ‘सॅलड’. चटणीच्या जागी सॉसची बाटली. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्या घरात तीन-चार कोरड्या चटण्या आणि रोजची एक कोशिंबीर आहे, त्या घरात कुणीही, कधीही आणि कसलंही पथ्य घेऊन आलं तरी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. आपल्याकडे तो काल-परवा आला. पण भाकरी, पिठलं, ठेचा आणि कांदा या जेवणात दुधाचा थेंब नाही. खानदेशातलं वांग्याचं भरीत घ्या: भाजलेलं वांगं, मिरची, लसूण, दाणे, कांद्याची पात आणि वर तेल. दही कुठेच नाही. चैत्रातली कैरीची डाळ घ्या. कोकणातली आणि गोव्यातली सोलकढी घ्या, नारळाचं दूध आणि कोकम. जेवणानंतर ताकाची सवय असलेल्या माणसाला तिच्याइतका चांगला पर्याय नाही. यातला एकही पदार्थ कुणा व्हीगन माणसाची सोय म्हणून शोधलेला नाही. म्हणून माझं मत असं, की दह्याची नक्कल करत बसू नये. ज्यात दही कधी नव्हतंच असे पदार्थ करावेत. ते स्वस्त पडतात आणि त्यांची चव कशाची तरी उसनी वाटत नाही.

आता कोशिंबिरीचंच बघा. परदेशी सॅलडवर जे ड्रेसिंग घालतात त्यात तेल, आंबट आणि मीठ असतं. आपल्या कोशिंबिरीत तेच आहे, फक्त तेल फोडणीच्या वाटेने येतं आणि आंबटपणा लिंबाच्या. शिवाय दाण्याचं कूट असतं, म्हणजे पोटाला आधारही आला. दोन काकड्या चोचवून घ्यायच्या. तीन मोठे चमचे कूट, अर्धं लिंबू, अर्धा लहान चमचा साखर (मधुमेहींनी वगळावी), ओलं खोबरं आणि कोथिंबीर. वरून दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग आणि हिरवी मिरची घालून फोडणी. मीठ मात्र पानं घेताना घालायचं. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि कूट त्यात पोहायला लागतं. काकडीच्या जागी गाजर, कोबी, मुळा, भिजवलेली मूगडाळ, काहीही चालतं. एकच कृती येत असली तरी महिनाभर वेगवेगळी कोशिंबीर होते.

चटण्यांची तीच गोष्ट. जवस, तीळ, कारळे, शेंगदाणे, लसूण-खोबरं. एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. सात-आठ सुक्या मिरच्या, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ आणि चिंचेचं लहानसं बुटुक घालून मिक्सरमधून जाडसर फिरवा. पाण्याचा हात न लावता बरणीत भरली की पंधरवडा बघायला नको. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, कुटून खाल्ले तर अंगी लागतात. म्हणजे ओमेगा-३ वगैरे शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी चटणी हा बरोबर मार्ग होता. लिंबाच्या फोडीचंही तसंच. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीराला चांगलं घेता येतं. ती फोड शोभेची नाही, पिळायची आहे!

पण सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. चटणी-भाकरीने ती उणीव भरून निघत नाही. भाचीला मी एकच अट घातली, ‘बाकी काय वाटेल ते सोड, पण डॉक्टरांना विचारून बी-१२ घे आणि तपासणी करत जा.’ ‘मामा, ते मी पहिल्या महिन्यापासूनच करतेय,’ असं तिने शांतपणे सांगितलं. हल्लीची मुलं आपल्यापेक्षा जास्त वाचतात.

दुसरी अडचण गोळीने सुटणारी नाही. तिची आजी, म्हणजे माझी आई, गेली साठ वर्षं वरणभातावर तूप वाढते आहे. तिच्या हातून ते नुसतं तूप वाढलं जात नाही. ‘मला नको’ हे नातीचे शब्द आईला ‘तू नकोस’ असे ऐकू येतात. नातीला वाटतं, मी गाई-म्हशींचा विचार करते आणि घरात कुणाला तो कळतच नाही. दोघींचंही खरं आहे. यावर उपदेशाचा काही उपयोग नसतो, हे मी दोघींच्या मध्ये बसून जेवताना पुरेसं पाहिलं आहे. थोडा उपयोग झाला तो कारळ्याच्या चटणीचा. ती चटणी आईसारखी कुणालाच जमत नाही, आणि नात ती मागून मागून घेते. आईला वाढायला काहीतरी हवं असतं. तुपाचा सल अजून आहे, पण वाढणारा हात रिकामा राहिला नाही.

आता खरा आक्षेप. ‘बोलायला काय जातंय, रोज हे करणार कोण?’ अगदी बरोबर. जुन्या घरांत ही डावी बाजू पाट्यावर वाटून वाटून बायकांनीच सांभाळली, आणि ताटावर बसलेल्यांनी ‘आज मीठ कमी आहे’ एवढंच म्हटलं. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. ‘रुचिरा’ १९७० साली आलं, आणि आमच्या नात्यात कित्येक मुलींना ते आहेरात मिळालं. एकाही मुलाला मिळाल्याचं मला आठवत नाही. पण डाव्या बाजूचं वैशिष्ट्य असं की ती शिकायला सगळ्यांत सोपी आहे. पोळी गोल व्हायला वर्ष लागतं. कोशिंबीर पहिल्या दिवशी जमते. दहा वर्षांचा मुलगा काकडी किसून कूट मिसळू शकतो, फोडणी मोठ्यांनी द्यावी. आमच्याकडे रोजची कोशिंबीर माझ्याकडे आहे आणि रविवारी एक चटणी. वेळ म्हणाल तर बातम्या बघत दाणे सोलण्याइतका.

परगावी, परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत आपण चटण्यांच्या पुड्या कोंबतो. त्या दोन महिन्यांत संपतात. त्याऐवजी जायच्या आधी त्यांच्याकडून एकदा दाणे भाजून घ्या, एकदा जवस. करपले तर करपू देत. शेंगदाणे, तीळ, जवस जगात बहुतेक ठिकाणी मिळतात. उकडीचे मोदक त्यांना आले नाहीत तर फार बिघडत नाही, ते वर्षातून एकदा लागतात. भूक रोज लागते. आणि उद्या त्यांच्या दारातही असाच कुणीतरी ‘मला अमुक चालत नाही’ म्हणत येईल, तेव्हा त्यांना ‘बस, जेवायला आहे’ असं म्हणता आलं पाहिजे.

असो. तुमच्याकडे डाव्या बाजूला काय काय असतं ते जरूर कळवा. दोडक्याच्या शिरांची चटणी कुणाला येत असेल तर कृतीसकट!