वाक्य हरवलेली आद्याक्षरे

अमेरिकन सैनिकांच्या अपभाषेविषयी लिहिताना समीक्षेने एक समीकरण फार सहजपणे स्वीकारले आहे: जे अनौपचारिक, ते सत्ताविरोधी. लष्कर आद्याक्षरांचे कोरडे संक्षेप जारी करते, सैनिक ते बोलण्यात वळवून घेतो आणि उच्चारातला हा सैलपणाच प्रतिरोध ठरतो, अशी ही मांडणी. बाख्तिनच्या कार्निव्हल-संकल्पनेचा हवाला दिला की पुढचे काम भागते. मांडणी मोहक आहे. परंतु ज्या शब्दांवर ती उभी आहे, तेच तिला साथ देत नाहीत.

'स्नॅफू' हा शब्द पाहू. त्याचा छापील पुरावा १९४१ पासून मिळतो. मूळची शिवी वगळून त्याचा विस्तार मराठीत 'परिस्थिती नेहमीचीच. सगळा बट्ट्याबोळ' असा करता येईल. मात्र त्याचे मर्म शिवीत नसून 'नेहमीचीच' या पदात आहे. वरिष्ठांकडे धाडायच्या अहवालाची भाषा उचलून त्याच भाषेत तो अहवाल खोटा पाडलेला आहे. म्हणजे 'स्नॅफू' हे मुळात नाम नव्हे. ते संक्षेपात दडवलेले वाक्य आहे. त्याला उद्देश्य आहे, विधेय आहे, आणि त्या विधेयात सक्तीच्या भरतीने गणवेशात आलेल्या नागरिकाने लष्करावर दिलेला निवाडा आहे. 'ओळखू येणार नाही इतका विचका' सांगणारा 'फूबार' याच जातीचा.

'हम्व्ही' वेगळ्या जातीचा आहे. १९८० च्या दशकात सैन्यात आलेल्या एका वाहनाच्या लांबलचक अधिकृत नावाची आद्याक्षरे जिभेला पेलेनात, म्हणून हे सुटसुटीत रूप आले. विस्तार केला तरी हाती लागते ते वस्तूचे नावच. निवाडा कोठेही नाही. त्या वाहनाची नागरी आवृत्ती १९९२ मध्ये 'हमर' या तशाच सलगीच्या नावाने विक्रीस आली. ज्या शब्दाचे रूपांतर इतक्या सुखाने व्यापारी नावात होते, त्यात बंड शोधणे हा समीक्षकाचा भाबडेपणा होय.

'गिटमो'च्या बाबतीत हा भाबडेपणा निरुपद्रवी राहत नाही. क्यूबातील ग्वांतानामो उपसागरावरचा तळ अमेरिकेने १९०३ मध्ये भाडेपट्ट्याने घेतला. त्याच्या नौदली संक्षेपाचे हे बोलीरूप खलाशांत जुनेच होते. ११ जानेवारी २००२ पासून तेथे बंदी आणले गेले. एकूण सुमारे ७८० माणसे तेथे ठेवली गेली, त्यांतील बहुसंख्य आरोपपत्राविना. खलाशांच्या घरगुती हाकेचा हा शब्द मग वृत्तपत्रांच्या मथळ्यांत या बंदिवासाचे नाव म्हणून वावरू लागला. येथे अनौपचारिकतेने सत्तेची थट्टा केली नाही. सत्तेच्या कृतीला परिचिताचा चेहरा दिला.

यावर कोणी 'फॉबिट' पुढे करील. इराक युद्धातला हा शब्द आघाडीच्या तळाचा संक्षेप आणि टॉल्किनचा हॉबिट यांच्या जोडातून झाला. तळाबाहेर पाऊल न टाकणारा सैनिक त्याने हिणवला जातो. त्यात उपहास आहे, हे मान्यच. परंतु त्याचा रोख शेजारच्या सैनिकावर आहे, युद्धाचा हुकूम देणाऱ्यावर नाही. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली आणि सैन्य स्वेच्छेने आलेल्यांचे झाले, हा संदर्भ त्या दोन उपहासांची तुलना करताना सोडून चालणार नाही.

खरा बंडखोर शब्दही सुरक्षित नसतो. १९४३ ते १९४५ या काळात अमेरिकन सैन्यानेच 'प्रायव्हेट स्नॅफू' ही व्यंगपटांची मालिका सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी करवून घेतली. तिच्यातला स्नॅफू हा निष्काळजी, बडबड्या शिपाई. त्याच्या चुकांतून इतरांनी धडा घ्यायचा. मूळ वाक्यात बट्ट्याबोळ परिस्थितीचा होता, चित्रपटात तो शिपायाचा झाला. वाक्याचे विशेषनाम होताच आरोपी बदलला. शब्दाचा उच्चार पूर्वीइतकाच सैल होता. प्रतिरोध तेवढा नाहीसा झाला.

म्हणून या शब्दांचा अभ्यास उच्चारावरून करणे पुरेसे नाही. संक्षेपाच्या पोटात वाक्य आहे की नुसते नाम, त्यातला निवाडा कोणावर आहे आणि बोलणाऱ्याला तो अजून ऐकू येतो का, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. आपल्या प्रबंधांतून आणि अनुवादांतून ते टाळले जातात, तेव्हा आपण सत्तेच्याच लाडिक भाषेला लोकभाषेचे प्रशस्तिपत्र देत असतो.