चार्ली होता, एलेनही होती

प्रवासवर्णन शिकवताना 'लेखकाने पाहिले तेच लिहावे' हे वाक्य आपण किती सहज उच्चारून जातो! मीही ते अनेक वर्षे उच्चारले. जॉन स्टाइनबेकचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) अलीकडे पुन्हा वाचले आणि त्या वाक्यापाशी अडखळलो.

सप्टेंबर १९६० मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, स्टाइनबेक अमेरिका पाहायला निघाला. ट्रकवर बांधलेले छोटेसे घर, डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याचे नाव 'रोसिनांते', आणि सोबतीला चार्ली हा पूडल जातीचा म्हातारा कुत्रा. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या रेडवूड वृक्षांपाशी हा कुत्रा चक्क उदासीन राहतो. शेवटी स्टाइनबेक विलोची फांदी तोडून त्या महावृक्षाला टेकवून रोवतो, तेव्हा कुठे चार्ली पाय वर करतो. भव्यतेपुढे भारावलेला माणूस आणि तिची दखलही न घेणारे जनावर, असा हा अविस्मरणीय प्रसंग.

वस्तुस्थिती अशी की, सिअ‍ॅटलपासून मॉन्टेरेपर्यंतच्या किनारी प्रवासात त्याची पत्नी एलेन बरोबर होती. हस्तलिखितात ती आहे. छापील पुस्तकातल्या या टप्प्यातून मात्र ती नाहीशी झाली. बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने २०१० मध्ये तोच मार्ग पुन्हा धुंडाळला आणि पुस्तकातील अनेक विसंगती उघड केल्या. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर हे वर्णन शब्दशः घेऊ नये, असे वाचकाला बजावलेच आहे.

रचलेल्या संवादांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. स्मरणातून लिहिणारा प्रत्येक जण थोडेफार रचतोच. परंतु या पुस्तकाचा कणा आहे एकटेपण. चार्लीशी होणारी सारी बोलणी त्यातूनच उगवतात. कुत्र्याला श्रोता करण्यासाठी बोलू शकणाऱ्या सहप्रवासिनीला गाडीतून उतरवले गेले. कलेच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा ठरला, हे नाकारता येत नाही. पण त्याची किंमत लेखकाने मोजली नाही, एलेनने मोजली.

म्हणून हे पुस्तक अभ्यासक्रमातून काढावे काय? मुळीच नाही. ते अवश्य शिकवावे. मात्र यापुढे वर्गात मी एक प्रश्न जोडणार आहे : प्रवासवर्णनातला 'मी' एकटा दिसतो, तेव्हा त्याच्या शेजारच्या आसनावर खरोखर कोण बसले होते?